डाव्या चाकातली मोट

ज्योतिबा, बंद कर ती मोटार आन इकडं ये. आरं, किती कोकलतंय तुजं चाक! येशीपास्नं ऐकतोय मी. कान किटलं माजं. ये, बस हितं पोत्यावर. तूबी बस रं आकाराम. दोघंबी पाशिंजरांची सर्व्हिस मोटार हाकताय, तवा दोघांनीबी ऐकायला पायजे. चा सांगितलाय मी.

बिरेक कशानं वाजतोय, उघडून बगितलंस? धुरळा म्हनतोस. असंल बाबा. निम्म्या वक्ताला धुरळाच असतोय. चाक उतरायचं, चाकाआतला डरमचा लोखंडी डबा काडायचा, बुरशानं झाडायचा आन पेट्रोलच्या फडक्यानं पुसून घ्यायचा. राकेल लावू नगंस, त्येचा तेलकटपना मागं ऱ्हातोय. आन लायनर कसला टाकलाईस? आकाराम, दात काडू नगंस. तुला तरी धड ठावं हाय का, लायनर म्हंजी काय? डरमला आतनं घासून गाडी थांबवतोय, त्यो पट्टा.

चामड्याचा टाकलास व्हय…

आन चामडं कुठनं आनलंस?

गप का झालास? बरं, ऱ्हाऊ दे. मागनं सांग. कंदील जरा बारीक कर, उगं डोळ्यावर येतोय. तुमास्नी माळेवाडीच्या हंबीररावाची हकिगत सांगतो. तीन वर्सं झाली त्येला, सेहेचाळीस सालची गोष्ट. मदी बोलायचं न्हाई. बोललासा की मी उठून घरी जानार. म्हाताऱ्याला झोप कमी असली तरी अंथरून हाय त्येला.

हंबीरराव माजा दोस्त. माज्यापरास वयानं लय ल्हान, पर माज्या ह्या दुरुस्तीच्या दुकानात येऊन बसायचा, म्हनून दोस्त. पलटनीत मोटार चालवायला व्हता. इराकात व्हता, मिसरात व्हता. लढाई संपली, सुटून घरी आला, आन चार-पाच महिन्यांनी सांगलीतनं एक जुनी मोटार घेऊन आला. वाडी हसली. धड बैलगाडी जाईना असली वाट, आन ह्यो मोटार आनतोय! लोक म्हनले, पलटनीची मस्ती हाय. म्याबी चेष्टा केली. म्हनलं, बाबा, हिला वैरन काय घालनार? पेट्रोल तर चिठ्ठीवर मिळतंय.

त्यो हसला न्हाई. म्हनला, "कुतुबचाचा, राहीला पुन्यांदा दिस हायत."

मग मला सारं कळलं. राहीबाई म्हंजी त्येची बायकू. तिची पैली दोन लेकरं जगली न्हाईत. पैलं घरातच गेलं. दुसऱ्या बारीला तिला बैलगाडीत घालून मिरजंला काडली, पर गाडी आष्ट्याच्या फुडं गेली न्हाई. तवा हंबीरराव तिकडं वाळूत. बातमी त्येला महिन्यानं कळली. आता मिरजंच्या डागदरनं बजावून ठिवलं व्हतं, की कळा सुरू झाल्या की लगोलग हितं आना, ह्या बारीला घरात ठिवली तर बाईबी हाताला लागनार न्हाई. म्हनून ती मोटार. मस्तीबिस्ती काय न्हवती. बायकू जगवायची व्हती त्येला.

मोटार जुनी, पर इंजान चांगलं. खोट एकच. मागच्या डाव्या चाकाचा लायनर पार झिजून गेल्ता, रिवेट डरमला खरवडत व्हतं. असला बिरेक घेऊन रातीचं बाईमानसाला न्यायचं म्हंजी इस्तवाशी खेळ. आन नवा लायनर कुठनं आनायचा? लढाई संपली, पर माल कुठं आल्ता! त्येनं कोल्हापूर पालथं घातलं, सांगली पालथी घातली. शेवटी माज्याफुडं येऊन बसला. म्या सांगितलं, तवर चामड्याचा टाक. नवं चामडं नगं, तापलं की आकसतंय. जुनं बग. जाड, मुरलेलं, पान्यापावसात घट्ट झालेलं.

दोन-चार दिसानं दोन पट्ट्या घेऊन आला. काय चामडं व्हतं, गड्यांनो! बोटाएवढं जाड, काळंकुट्ट. म्या इचारलं, "कुठनं मिळालं रं?"

"बाजारातनं," म्हनला, आन तंबाकूची पिशवी हुडकायला लागला. पिशवी त्येच्या मांडीवरच व्हती.

म्या सुंबा आन हातुडी घेऊन रिवेटची भोकं पाडून दिली. एक भोक तिरपं गेलं, तवा त्येला लागूनच दुसरं पाडलं. बाकीचं काम त्येनं घरी नेऊन सवताच्या हातानं केलं. अंगनात चाक उतरलं, तांब्याचं रिवेट ठोकलं, पट्ट्यांच्या कडा कानशीनं उतरत्या केल्या. कडा उतरत्या न्हाई केल्या तर लायनर वाजतोय, हे त्येला पलटनीत शिकवलेलं. काम झ्याक केल्तं. नाव ठिवायला जागा न्हवती.

आन तरी वाजला.

दुसऱ्या दिशी सकाळी मोटार भाईर काडली. वाडीतनं सडकंला यायची वाट त्येच्याच रानातनं जाती. वाटंच्या कडंला त्येची हीर. हिरीपास्नं उतार लागतोय, खाली वढा. तितं बिरेक दाबायलाच लागतोय. दाबला, आन चाक कुईऽऽऽ करून लांबलचक वरडलं.

माज्याकडं घेऊन आला. हितंच, ह्या स्टँडाभवती त्येला फेऱ्या मारायला लावल्या. चाक मुकं! डागदरफुडं पोराचा खोकला थांबतोय, तशातली गत. मग मीच त्येच्याबरूबर वाडीवर गेलो. त्यो उतारावनं गाडी हाकतोय, आन मी ह्या वयात लुंगी खोचून बाजूनं पळतोय, चाकाकडं कान करून. पोरंठोरं हसायला लागली. हसू देत. कुठलं चाक वाजतंय ते गाडीत बसून कळत न्हाई, भाईरनंच ऐकायला लागतंय. ऐकलं. मागचं डावं. त्योच चामड्याचा बिरेक.

मग एकेक कारन हातात घेतलं. धुरळा? झाडला, पुसला. वाजला. लायनर वरनं काचंवानी गुळगुळीत झालाय? काचपेपरनं घासून खरबरीत केला. वाजला. रिवेटची डोकी वर आलीत? खिळा लावून बगितलं, चांगली खोल बसल्याली. स्प्रिंग ढिली? बदलली. नट आवळलं. वाजला! सडकंवर न्हाई, गावात न्हाई. वाजायचा त्यो हिरीपाशीच. म्या म्हनलं, हिरीची वल असंल, सकाळच्या पारी वलीनंबी बिरेक वाजतोय. म्हनलं खरं, पर भर दुपार व्हती, फाल्गुनाचं ऊन, आन जिमिनीला भेगा पडल्याल्या.

मग एक बगितलं, आन माजं डोस्कं चालायचं बंद झालं. उतारावनं गाडी चार बार खाली-वर केली की डरम तापत्यात. तापलेत का, ते बगायला आमी थुकतो त्येच्यावर. तीन डरमवर थुकी चर्र झाली. चौथ्यावर तशीच ऱ्हायली. हात लावला. गार! माठासारका गार. वरडतंय ते हेच चाक, म्हंजी घासतंय हेच चाक, आन गार कसं?

डरम वढून काडला. आतनं पानी गळलं. वंजळभर.

म्या हंबीररावाच्या तोंडाकडं बगितलं. त्यो पान्याकडं बगत व्हता. म्हनला, "वढ्यातनं उडालं असंल." वढा त्या साली माघातच आटल्ता.

राहीबाईनं चा आनून दिला. दिस भरत आल्यालं, पाय सुजल्यालं. दाराला टेकून म्हनली, "चाचा, तुमी दोघं चाकात काय हुडकताय? ह्यो मोटारीचा आवाजच न्हवं. मोटंचा हाय."

"मोटंचा?"

"भरल्याली मोट वर येती, चाकावरनं नाडा जातोय, तवा असाच आवाज निघतोय. रानातल्या घरात वाडलीया मी. झोपंतबी वळखीन."

हंबीरराव तिच्यावर खेकसला. "मोट बंद हाय वरीस व्हत आलं. काय बी बोलू नगंस!" असा कवा तिच्यावर वराडत न्हवता त्यो.

आकाराम, तू बाजारपेठंतला, तुला म्हनून सांगतो. मोट म्हंजी चामड्याची ही एवढी मोठी पिशवी. हिरीच्या काठावर लाकडी चाक, चाकावरनं नाडा, नाड्याला बैल. बैल उतारावनं खाली गेलं की भरल्याली मोट वर येती आन दगडी थारोळ्यात पानी वतती. मग बैल तसंच मागं-मागं सरकत काठापतूर येत्यात, की रिकामी मोट खाली. त्या उताराला धाव म्हनायचं. दिसभर फुडं आन मागं, फुडं आन मागं.

त्या हिरीवर गुंडा मोट हाकायचा. हंबीररावाच्या घरचा जुना गडी, लय गुनाचा. मोट फाटली तर कुनाची वाट बगायचा न्हाई, सवता टाचायचा. दोन पदरी दोरा, आन टाक्यागनिक गाठ. बैलाला कवा चाबूक लावला न्हाई त्येनं. शीळ घालायचा. हळू, वढलेली. शीळ ऐकली की बैल आपनहून मागं सरायचं. आदल्या साली चैतात, पाडव्याच्या दुसऱ्या दिशी, रातीची पानी द्यायची पाळी व्हती. निम्मा ऊस भिजला आन मोट अडकली. सोडवायला वाकला, त्यो हिरीत गेला. सकाळी लोक आलं, तर बैल धावंवर तसंच हुबं, जू मानंवर घेऊन. शिळंची वाट बगत.

हंबीररावाच्या भावकीत एक रीत हाय. मोट हाकताना मानूस गेला, की ती मोट त्येची. वरीसभर तिला कुनी हात लावायचा न्हाई. आढ्याला टांगून ठिवायची, आन वर्सश्राद्धाला नारळ फोडून त्याच हिरीत सोडायची. का, तर त्येची पाळी अर्धी ऱ्हायल्याली असती. ती त्येला पुरी करू द्यायची.

आता कळलं, चामडं कुठलं ते?

मला तवा कळलं न्हाई. पलटनीत बारा गावचं पानी प्यालेला गडी त्यो. त्येनं मनाशी म्हनलं असनार, वर्साला आता किती दिस ऱ्हायलं, आन चामडं ते चामडं. बाजारात मिळंना, बायकूचं दिस भरत आल्यालं. जीव टांगनीला लागला की मानसाची बुद्दी अशीच चालती. अवजाराच्या खोलीत आढ्याला मोट टांगल्याली व्हती. त्येनं शिडी लावली, वरच्या वर दोन पट्ट्या कापल्या, आन खोलीला कुलूप घातलं.

त्याच दिशी सांजचं त्यो मला सोडायला निघाला. हिरीपाशी आलो, बिरेक दाबला, चाक वरडलं. हिरीजवळच गुंडाचं खोपाट. तितनं त्येची बायकू भाईर आली, बनुबाई. हातात फडक्यात बांदल्याली भाकरी, दुसऱ्या हातात तांब्या. आमच्या मोटारीकडं बगितलंबी न्हाई. सरळ हिरीकडं चालायला लागली.

हंबीररावानं हाक मारली, "बनुबाई, कुठं निघालीस?"

"ह्यास्नी भाकरी," ती म्हनली. "मोट लागलीया न्हवं? कवाधरनं आवाज येतोय. आज लय येळ धरलीया…"

आन मग तिला आमी दिसलो. मोटार दिसली. मोकळी धाव दिसली. तिच्या हातातला तांब्या कलंडला. तितंच मातीत बसली, भाकरी मांडीवर धरून. बायामानसाचं दुक लय बगितलं म्या, पर तसं न्हाई. रातीला मला घास गेला न्हाई.

चा निवतोय तुमचा, प्या. हं.

तुमची रंगपंचमी झाली, त्येच्या तिसऱ्या दिशी. अष्टमीची रात. चांद मध्यानरातीला उगवनार, तवर डोळ्यात बोट घातलं तरी दिसू नये असा अंधार. वारं पडल्यालं. आता फुडचं मला हंबीररावानं सांगितलं. दोन बार सांगितलं, आन दोन्ही बारीला सबूद न सबूद तेच.

जेवनं झाली, आन राहीबाईला कळा सुरू झाल्या. बनुबाईला बलावलं. बाळंतपनाला तिचा हात चांगला, आन राहीला धीर तिचाच. तिनं पोट चाचपलं आन म्हनली, "दादा, येळ काडू नगासा. पोर आडवं हाय."

हंबीररावानं हँडल मारलं. मागच्या गादीवर राहीबाई आडवी, डोस्कं बनुबाईच्या मांडीवर. मोटारीचा एकच दिवा धड. निघाली.

त्येनं मनाशी ठरवल्यालं, हिरीपाशी बिरेकला पायच लावायचा न्हाई. गाडी वढ्यात गेली तर जाऊ दे. हीर आली. उतार लागला. त्येनं पाय उचलून घेतला.

कुईऽऽऽ…

पाय वर, आन चाक वरडतंय.

गाडी हळू झाली. त्येनं इंजान रेटलं. इंजान बोंबलतंय, गाडी हळूच. मग थांबली. भर उतारावर.

आवाजबी थांबला.

राहीबाई कन्हत व्हती. तीबी गप झाली.

आन अंधारातनं शीळ आली.

हळू… वढलेली.

गाडी मागं सरली.

चढाला. मागं. गेर फुडचा. इंजान फुडं रेटतंय. आन गाडी मागं चाललीया. बैलाच्या चालीनं. वाट सुटली, चाकं धावंवर चढली. त्येनं बिरेक दाबला. काय न्हाई. हातातला बिरेक वढला. काय न्हाई. मागं काय हाय ते त्येला ठावं व्हतं. हिरीला त्या अंगाला कट्टा न्हवता.

काठाच्या अलीकडं थांबली.

मग फुडं निघाली. जड. वझं वढल्यागत.

कुईऽऽऽ…

आन मागं अंधारात पानी पडलं. थारोळ्यात. धबाबा.

वरीसभर कोरडं थारोळं…

पुन्यांदा शीळ.

पुन्यांदा मागं. ह्या बारीला जास्ती मागं. चाक दगडाला लागलं. दगुड सुटला, काठावनं खाली गेला. पान्यात पडल्याचा आवाज… लय येळानं आला.

"दादा," बनुबाई म्हनली. आवाज अगदी बारीक. "काय केलंसा तुमी? ह्येनी मोट धरलीया."

हंबीरराव मागं वळला. "चामडं…" म्हनला. "चाकात… गुंडाच्या मोटंचं चामडं हाय."

बनुबाईनं राहीचं डोस्कं मांडीवरनं उतरवून ठिवलं.

मग वराडली. "चार दिस थांबवलं न्हाई तुमास्नी? जित्तेपनी त्येंनी तुमच्या रानाला पानी पाजलं, आन मेल्यावर त्येंची मोट कापलीसा! माज्या मानसाला इसावा देवला न्हाई!"

"चुकलं, बनुबाई."

"मला काय सांगताय? त्यास्नी सांगा!"

राहीबाईनं बनुबाईचा हात धरला. "बनाक्का… माजं लेकरू…"

भाईर, लांब, कुनीतरी श्वास भरून घेतल्याला ऐकू आला. शिळंआदी घेत्यात तसा.

बनुबाईनं दार ढकललं आन अंधाराकडं तोंड केलं.

"आवं…" म्हनली. "आवं, ऐकताय न्हवं? जरा दम धरा. गाडीत राही हाय. नवी नवरी म्हनून आली तवा तिला हिरीवर उसाचं कांडं मोडून द्यायचा तुमी, तीच राही. अडलीया बिचारी. तुमची मोट देत्यात दादा. पर आता शीळ घालू नगासा… माज्यासाठनं…"



शीळ आली न्हाई.

हंबीरराव उतरला. चाकांला दगुड लावलं. जॅक लावला. उजेड न्हाई, सारं हाताच्या सवयीनं. चाक काडलं. डरम वढला. पानी… वंजळभर न्हाई आता. घागरभर. पायावनं वाहत गेलं. रिवेट उपटायला पकड घेतली, तर पट्ट्या आपसूक हातात आल्या. रिवेट जाग्यावरच.

पट्ट्या घेऊन काठावर गेला.

खाली काळं.

"गुंडा," म्हनला, "चुकलं माजं." आन हात फुडं केला.

हितं हंबीरराव दोन्ही बारीला थांबला. दोन्ही बारीला उजव्या हाताकडं बगितलं. मग म्हनला, "चाचा, मी टाकल्या न्हाईत. हातातनं घेतल्या."

…

चाक चढवलं. त्या बिरेकची सळई सोडून दिली, आन बाकीच्या तीन बिरेकांवर मिरज गाठली. चांद उगवला तवा मोटार आष्ट्याच्या फुडं गेल्ती. पहाटं पोरगी झाली. रडली. दवाखान्याच्या पायरीवर बसून हंबीररावबी रडला, पलटनीतला मानूस, पोरासारका रडला. राहीबाई जगली. अल्लाची मेहेर.

उठू नगंस ज्योतिबा. अजून व्हायचं हाय.

पाडव्याच्या दुसऱ्या दिशी गुंडाचं वर्सश्राद्ध. त्या सकाळीच ते सारं मिरजंहून परत आलं. तवर बनुबाई तितंच व्हती, राहीच्या उशाशी. हंबीररावबी तितंच. त्येनं मला सांगावा धाडल्ता. म्हनला, "चाचा, कापल्याली मोट चार लोकांफुडं काडायची, मला लाज वाटतीया. तुमी हुबं ऱ्हावा." म्हनून मी गेल्तो. कुनाकडनं ऐकल्यालं न्हवं हे. ह्या डोळ्यांनी बगितल्यालं.

अवजाराच्या खोलीला कुलूप. किल्ली हंबीररावाच्या करदोट्याला. त्येनं कुलूप काडलं, शिडी लावली, मोट खाली आनली आन अंगनात ठिवली. वरीसभराची धूळ, जळमटं, उंदराच्या लेंड्या. बनुबाईनं पदरानं झाडायला घेतली. हंबीरराव मान खाली घालून हुबा. कापल्याली बाजू तिच्या डोळ्याफुडं येनार, म्हनून त्येनं डोळं मिटून घेतलं.

झाडता झाडता बनुबाई थांबली.

मोटंला भोक न्हवतं.

दोन पट्ट्या जाग्यावर व्हत्या. शिवल्याल्या. दोन पदरी दोरा… टाक्यागनिक गाठ.

बनुबाईनं त्या गाठीवर हात ठिवला. तोंडाला पदर लावला आन तशीच बसली. मी वाकलो. म्हनलं, दुसरं चामडं असंल, कुनी तरी आनून लावलं असंल. पट्टीला रिवेटची भोकं व्हती. त्यातलं एक तिरपं. त्येला लागूनच दुसरं. माज्या सुंब्याचं.

म्या टाक्यावरनं बोट फिरवलं. साऱ्या मोटंवर धूळ…

आन दोरा वला व्हता.

…

ज्योतिबा. तुज्या चाकातलं चामडं कुठनं आनलंस, ते अजून सांगितलं न्हाईस.